मान वळवून बघणारा माणूस

पुण्यात शिकत होते तेव्हा लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हच्या थिएटरात एका संध्याकाळी ‘विंग्ज ऑफ डिझायर’ पाहिला. विम वेंडर्सचा, १९८७ चा. भिंतीनं दुभागलेल्या बर्लिनमध्ये लांब कोट घातलेले देवदूत फिरत असतात. लायब्ररीत, भुयारी रेल्वेत माणसांच्या शेजारी बसून त्यांच्या मनातलं ऐकतात, पण त्यांना कशालाच हात लावता येत नाही. अशा या चित्रपटात मधेच विमानातून एक अमेरिकन नट उतरतो. बुटका, केस विस्कटलेले, आवाज खरखरीत. नाझी काळावरच्या कुठल्याशा चित्रपटात काम करायला तो आलेला असतो आणि फावल्या वेळात वही काढून तिथल्या एक्स्ट्रा कलाकारांची चित्रं काढत बसतो. तो कोण हे मला माहीत नव्हतं. मागच्या रांगेतली काही मंडळी त्याला बघून खुशीत हसली, म्हणजे त्यांच्या तो ओळखीचा होता.

मला दिसलं ते वेगळंच. समोरच्या बाईचा चेहरा कागदावर उतरवताना तो मान किंचित उजवीकडे वळवायचा आणि मग बघायचा. दुसऱ्या कुणाला ती लकब वाटली असती. मला बसल्या जागी कळलं, या माणसाला उजव्या डोळ्यानं दिसत नाही. माझी आत्या तशीच बघते.

आत्या पाच वर्षांची असताना तिला देवी आल्या. ती वाचली, पण उजव्या डोळ्यात फूल पडलं. पुढे तो डोळा सारखा दुखायला लागला म्हणून काढावा लागला आणि तिथे काचेचा बसवला. आमच्या मिरजेच्या घरात या डोळ्याबद्दल कुणी कधी बोलायचं नाही, पण त्याच्याभोवती घराच्या काही सवयी तयार झाल्या होत्या. जेवायला बसताना आत्या उजवी बाजू भिंतीकडे करून बसायची. रस्त्यानं जाताना आम्ही मुलं न सांगता तिच्या उजव्या हाताला असायचो. चहा ओतताना ती किटलीची चोच आधी कपाच्या कडेला टेकवायची आणि मगच ओतायची, कारण एकाच डोळ्यानं बघणाऱ्याला कप नेमका किती लांब आहे हे कळत नाही. सुईत दोरा ओवताना ती दोन्ही करंगळ्या एकमेकींत अडकवायची, म्हणजे सुई आणि दोरा यांच्यातलं अंतर डोळ्याऐवजी हातांना कळतं. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज तिनं शिवले आहेत आणि एकीचाही काखेत कधी ओढला नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या नटाची चौकशी केली. पीटर फॉक. माझा अंदाज बरोबर होता. तेव्हापासून आज तीस वर्षं होत आली, हा माणूस माझ्याबरोबर आहे. त्याच्याबद्दल मिळेल ते वाचलं, मिळेल ते पाहिलं, आणि जे पाहिलं त्यातलं बरंचसं आत्याबरोबर पाहिलं.

त्याचा जन्म १६ सप्टेंबर १९२७ चा, न्यूयॉर्क शहरातला. वाढला हडसन नदीकाठच्या ऑसिनिंग नावाच्या गावात. सिंग सिंग हा प्रसिद्ध तुरुंग त्याच गावात आहे. वडिलांचं कपड्यांचं दुकान होतं, आई दुकानाचे हिशेब बघायची. तीन वर्षांचा असताना त्याच्या डोळ्याच्या पडद्याला कर्करोग झाल्याचं निघालं आणि उजवा डोळा शस्त्रक्रिया करून काढून टाकला. १९३० च्या सुमाराची ही गोष्ट. पोर जगलं, हेच घरच्यांना पुष्कळ वाटलं असणार.

काचेचा डोळा घेऊन हा मुलगा शाळेत गेला, आणि खेळायला लागला. बेसबॉल, बास्केटबॉल, जिथे चेंडू किती अंतरावर आहे यावरच सगळं अवलंबून असतं नेमके तेच खेळ. एका सामन्यात तो घसरत तिसऱ्या बेसवर पोचला आणि पंचानं त्याला बाद दिलं. आपण वेळेत पोचलो याबद्दल त्याची खात्री होती. त्यानं काचेचा डोळा काढला, पंचापुढे धरला आणि म्हणाला, घ्या, तुम्हाला लागेल हा. हा किस्सा त्यानं आयुष्यभर सांगितला. अमेरिकेत त्याच्यावर लिहिलेला एकही लेख या किश्शाशिवाय पुरा होत नाही.

मी तो आत्याला सांगितला तेव्हा ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. म्हणाली, “काढून दाखवला? सगळ्यांपुढे?” आणि बराच वेळ गप्प बसून मग विचारलं, “कितवीत होता?” मी म्हटलं, हायस्कूलमध्ये. ती म्हणाली, “मी तुझ्या आजोबांपुढेसुद्धा कधी काढला नाही.” मग मला त्या किश्शाकडे तिच्या बाजूनं बघता आलं. आधीची कितीतरी वर्षं त्या मुलानं तो डोळा लपवण्यात घालवली असतील. कुणी उजवीकडून आलं की दचकत असेल, कुणी डोळ्याकडे बघायच्या आत मान फिरवत असेल. आणि मग एका दुपारी, मैदानाच्या मधोमध, त्यानं तो हातात घेतला.

नट होण्याचा रस्ता त्याला लगेच सापडला नाही. सैन्यात डोळ्यामुळे घेतलं नाही, म्हणून तो व्यापारी जहाजावर स्वयंपाकी म्हणून गेला. परत येऊन शिकला. साहित्य आणि राज्यशास्त्रात पदवी घेतली, १९५३ मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठातून लोकप्रशासनाची पदव्युत्तर पदवी घेतली आणि कनेक्टिकट राज्याच्या अर्थसंकल्प विभागात, हार्टफर्ड शहरात नोकरीला लागला. सरकारी कचेऱ्यांचं काम अधिक नीट कसं चालेल याचा अभ्यास करायचा आणि अहवाल द्यायचा, असं ते पद होतं. पहिल्या दिवशी त्याला आपलं ऑफिस कुठल्या इमारतीत आहे तेच सापडलं नाही आणि तो पोस्टात जाऊन हजर झाला, असं तो सांगायचा.

संध्याकाळी मात्र तो हौशी नाटकं करायचा. वेस्टपोर्टला इव्हा ल गॅलियन या फार मोठ्या अभिनेत्री शिकवत. त्यांचा वर्ग व्यावसायिक नटांसाठी होता. फॉकनं खोटंच सांगून त्यात प्रवेश मिळवला. हार्टफर्डहून गाडी हाकत यायचा म्हणजे दर वेळी उशीर. एके दिवशी बाईंनी विचारलं, तुम्हाला नेहमी उशीर का होतो? तो म्हणाला, हार्टफर्डहून यावं लागतं. हार्टफर्डला कुठे नाटकं होतात? तिथे तुमचं पोट कसं चालतं? आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्यानं कबूल केलं, मी नट नाही. बाई त्याच्याकडे बघून म्हणाल्या, मग व्हायला हवं. त्यानं नोकरी सोडली. अठ्ठावीस वर्षांचा होता. बांधलेली सरकारी नोकरी एका वाक्यावर सोडणं काय असतं हे सरकारी नोकरीवर वाढलेल्या आपल्या घरांना निराळं सांगायला नको. माझ्या वडिलांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “पेन्शन होती का त्याला?”

१९५६ मध्ये न्यूयॉर्कला त्याला ‘द आइसमन कमेथ’ या नाटकाच्या गाजलेल्या पुनरुज्जीवनात बारवाल्याची भूमिका मिळाली. पुढे सिनेमाची वाट. कोलंबिया पिक्चर्सनं स्क्रीन टेस्ट घेतली. स्टुडिओचा सर्वेसर्वा हॅरी कोन म्हणाला, एवढ्याच पैशांत मला दोन डोळ्यांचा नट मिळतो.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. आत्याला १९७२ मध्ये एक स्थळ पाहायला आलं होतं. मुलगा बँकेत. चहापोहे झाले, तिनं शिवलेला ब्लाउज मुलाच्या आईनं उलटसुलट करून पाहिला, शिवण आवडली म्हणाली. चार दिवसांनी निरोप आला: मुलगी गुणी आहे, पण आमच्या मुलाला दोन्ही डोळ्यांची मिळेल की. माझ्या आजीनं ते वाक्य मरेपर्यंत जसंच्या तसं लक्षात ठेवलं होतं. कॅलिफोर्नियातला स्टुडिओ आणि मिरजेतलं घर, आणि वाक्य तेच. आत्यानं त्यानंतर पाहण्याचे कार्यक्रम बंद करायला लावले आणि शिलाई मशीन हप्त्यानं घेतलं.

फॉकला १९६० मध्ये ‘मर्डर, इन्कॉर्पोरेटेड’ मिळाला. त्यातला सुपारी घेऊन खून करणारा एब रेलिस त्यानं असा केला की सहायक अभिनेत्याच्या ऑस्करसाठी त्याचं नामांकन झालं. समारंभात ‘पीटर’ एवढं नाव ऐकू आलं आणि तो खुर्चीतून अर्धा उठला. पुढचा शब्द होता ‘उस्तिनोव’. तो परत बसला. पुढच्या वर्षी फ्रँक काप्राच्या ‘पॉकेटफुल ऑफ मिरॅकल्स’साठी पुन्हा नामांकन झालं, पुन्हा हुकलं. ऑस्कर त्याला कधीच मिळालं नाही. टेलिव्हिजनची एमी पारितोषिकं पाच मिळाली, त्यातली चार एकाच भूमिकेसाठी.

ती भूमिका टीव्ही मालिकेतल्या, खुनांचा तपास करणाऱ्या पोलिस लेफ्टनंट कोलंबोची. आता इथे मला थांबायचं आहे, कारण आत्या आणि मी ज्याला ओळखतो तो हाच.

कोलंबो त्याच्यासाठी लिहिलाच नव्हता. फिलाडेल्फियातल्या शाळेपासूनचे मित्र रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या लेखकांनी तो घडवला. १९६० मध्ये तो एका टीव्ही नाटकात दुसऱ्याच नटानं केला, १९६२ मध्ये रंगभूमीवर थॉमस मिचेल या वयस्क नटानं. १९६८ मध्ये त्यावर टीव्ही चित्रपट करायचं ठरलं तेव्हा आधी ली जे. कॉब आणि बिंग क्रॉसबी यांचा विचार झाला होता. फॉक तेव्हा चाळिशीचा, लेखकांना तो फारच तरुण वाटत होता. त्यानं ती भूमिका अक्षरशः मागून घेतली. १९७१ मध्ये मालिका सुरू झाली. तिचा पहिला भाग चोवीस वर्षांच्या स्टीव्हन स्पीलबर्गनं दिग्दर्शित केला होता. मधली अकरा वर्षं सोडली तर कोलंबो २००३ पर्यंत चालला. एकूण ६९ भाग.

कोलंबोचा प्रत्येक भाग उलटा चालतो. सुरुवातीलाच खून होतो, आणि खुनी कोण ते आपल्याला दिसतं. मोठा सर्जन, ऑर्केस्ट्राचा संचालक, गाजलेला लेखक, वाइनरी चालवणारा. लॉस एंजेलिसमधली उंची घरं, पोहण्याचे तलाव, तिजोऱ्या. मग पंधरा-वीस मिनिटांनी एक मोडकी प्यूजो गाडी फाटकातून आत येते आणि तीतून चुरगळलेला रेनकोट घातलेला, अर्धी विझलेली सिगार धरलेला एक माणूस उतरतो. खुनी त्याला पाहून निश्चिंत होतो.

तो रेनकोट फॉकचा स्वतःचा होता. न्यूयॉर्कला सत्तावन्नाव्या रस्त्यावर एकदा पावसात सापडला म्हणून पंधरा डॉलरला घेतलेला. स्टुडिओनं दिलेला कोट त्याला फार छान वाटला, म्हणून घरून हा आणला. जोडेही त्याचेच. गाडी त्यानं स्टुडिओच्या गॅरेजमध्ये धूळ खात पडलेली शोधली. कचेऱ्यांचं निरीक्षण करण्याची नोकरी केलेल्या माणसानं आपल्या पात्राचा संसार असा स्वतःच्या हातानं जमवला. आणि जाता जाता दारातून मागे वळून ‘अजून एकच गोष्ट राहिली’ म्हणण्याची त्याची जगप्रसिद्ध सवय? ती टंकलेखन यंत्रामुळे आली. लेव्हिन्सन आणि लिंक नाटक लिहीत असताना एक प्रवेश तोकडा पडला. कोलंबो तर दारातून बाहेर पडून गेलेला. पान पुन्हा टाइप करायचा दोघांनाही कंटाळा आला, म्हणून त्यांनी त्याला दारातून परत आत आणलं आणि आणखी एक प्रश्न विचारायला लावला.

पण यातलं काहीही कोलंबोला कोलंबो करत नाही, असं मला वाटतं. ते करतं फॉकचं बघणं. तो खोलीत आला की आधी सगळी खोली बघतो. डोकं फिरतं, खांदा फिरतो, शरीर सावकाश वळतं. दोन डोळ्यांचा माणूस नुसती बुबुळं हलवून जे करतो ते त्याला अख्ख्या अंगानं करावं लागतं. प्रेक्षकाला ते गबाळेपण वाटतं, विचार करणं वाटतं, म्हातारपण वाटतं. आत्याला ते ओळखीचं वाटलं. पहिला भाग बघताना तिनं मला पडद्याकडे बोट करून सांगितलं, “तो उजवीकडे कुणाला येऊ देत नाही बघ. टेबलाच्या कुठल्या बाजूला बसतो ते बघ.” मी चार वर्षं चित्रपट शिकले आणि हे मला दिसलं नव्हतं.

फॉकची आणखी एक पद्धत होती. चित्रीकरण चालू असताना तो समोरच्या नटाला न सांगता खिसे चाचपायला लागायचा, पेन्सिल मागायचा, भलतंच काही विचारायचा. समोरचा नट खरोखरच भांबावायचा, चिडायचा, आणि ते चिडणं कॅमेऱ्यात यायचं. श्रीमंत खुन्याच्या चेहऱ्यावर जी वैतागाची रेघ दिसते ती पुष्कळदा खरी असते.

लग्नानंतर मी आत्याला दर मे महिन्यात आमच्याकडे आणायला लागले. रात्री जेवणं झाली की ती आणि मी लॅपटॉप लावून बसायचो. इंग्रजी तिला सगळं कळत नाही, मी अधूनमधून थांबवून सांगायचे. पण ज्या भागात वाइनरी चालवणारा माणूस तिची मालकी असलेल्या सावत्र भावाला मारतो तो तिला न सांगता कळला. भाऊ वाइनरी विकायला निघालेला असतो. वाइनरीवाला त्याला तळघरात बांधून, थंड हवेचं यंत्र बंद करून निघून जातो. भाऊ गुदमरून मरतो. पण नेमकी उन्हाची लाट येते आणि बंद तळघरात ठेवलेली मौल्यवान वाइन उकडून खराब होते. कोलंबो तीच वाइन एका जेवणात गुपचूप त्याच्यापुढे ठेवतो. वाइनरीवाल्याची जीभ इतकी तयार की एका घोटात त्याला बिघाड कळतो, आणि तिथेच तो सापडतो. शेवटी पोलिसांकडे नेताना कोलंबो गाडीत त्याच्यासाठी एक चांगली बाटली काढतो आणि दोघं शांतपणे पितात. १९७३ चा भाग आहे. आत्या म्हणाली, “पकडलं, पण मान ठेवला.” मी आजवर कोलंबोवर जे वाचलं आहे, त्यात इतकं नेमकं कुणी लिहिलेलं नाही.

आणि १९९७ चा भाग. आख्खी मालिका कोलंबोच्या डोळ्याबद्दल गप्प राहिली होती. फॉकचा डोळा काचेचा होता हे जगाला माहीत होतं, कोलंबोचा आहे की नाही हे कुणी बोललं नव्हतं. मालिकेच्या पंचविशीनिमित्त केलेल्या या भागात कोलंबो कुणाला तरी आपल्याबरोबर बघायला सांगतो आणि सहज म्हणतो, एका डोळ्यापेक्षा तीन डोळे बरे. मी पुढे जाऊ दिलं असतं, पण आत्याला ‘थ्री आइज’ एवढं कळलं. तिनं विचारलं, “काय म्हणाला?” मी सांगितलं. “परत लाव.” मी परत लावलं. तिसऱ्यांदाही लावलं. ती तोंडावर पदर घेऊन हसत होती आणि डोळ्यातून पाणी येत होतं. काचेच्या डोळ्यालाही पाणी येतं, हे मला त्या दिवशी दिसलं.

कोलंबोनं फॉकला पैसा दिला, आणि तो पैसा त्यानं कुठे घातला याचं मला फार अप्रूप आहे. जॉन कॅसाव्हेटिस हा त्याचा जिवाभावाचा मित्र. कॅसाव्हेटिस स्वतः नट होता, ‘कोलंबो’मध्ये ऑर्केस्ट्राच्या संचालकाची भूमिका त्यानंच केली. पण त्याचा जीव स्वतःचे चित्रपट करण्यात होता, आणि त्या चित्रपटांना स्टुडिओ पैसे द्यायचे नाहीत. १९७० मध्ये दोघांनी ‘हजबंड्स’ केला. मग ‘अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स’ची वेळ आली. मन ताळ्यावर न राहणारी एक गृहिणी आणि तिच्यावर जीव लावणारा, पण तिला समजून घेता न येणारा तिचा मुकादम नवरा. हे कोण बघणार, म्हणून सगळ्यांनी नकार दिला. कॅसाव्हेटिसनं घर गहाण टाकलं आणि फॉकनं स्वतःचे पाच लाख डॉलर दिले. १९७४ मध्ये तो आला. त्या गृहिणीचं, मेबलचं काम जीना रोलंड्सनं केलं, तिच्या नवऱ्याचं, निकचं फॉकनं.

त्यातलं फॉकचं काम बघवत नाही, आणि ते त्याचं सगळ्यात मोठं काम आहे असं माझं ठाम मत आहे. कोलंबो सगळं बघतो. हा निक काहीच बघत नाही. बायको त्याच्यापुढे मोडत चालली आहे, आणि तो ओरडतो, पाहुणे जमवतो, हात उगारतो, मुलांना बिअर पाजतो. सकाळी कामावरच्या दहा-बारा गड्यांना घेऊन तो घरी येतो आणि बायको त्यांना स्पॅगेटी करून वाढते, तो प्रसंग लांब चालतो. तिचा आनंद एक पायरी वर चढतो, मग आणखी एक, आणि निकच्या चेहऱ्यावरची लाज वाढत जाते. ती लाज फॉकनं जशी दाखवली आहे तशी मी आमच्याच घरात, चारचौघांत मोठ्यानं बोलणाऱ्या बायकोकडे बघणाऱ्या पुरुषांच्या चेहऱ्यावर पाहिली आहे. हा चित्रपट मी आत्याला दाखवला नाही.

कॅसाव्हेटिस १९८९ मध्ये गेला. त्याच्यामुळेच वेंडर्सलाही फॉक मिळाला. बर्लिनचं चित्रीकरण सुरू झालं होतं आणि वेंडर्सला एका माजी देवदूताची कल्पना सुचली: कधीकाळी माणूस व्हायचं ठरवलेला, जगभर ओळखीचा चेहरा असलेला कुणीतरी. त्यानं फॉकला फोन केला. संहिता नव्हती. संहिता नाही म्हटल्यावर दुसरा नट मागे सरला असता. फॉक कॅसाव्हेटिसबरोबर मुरलेला, त्याला ते घरचंच वाटलं आणि तो आला. टोप्या घालून बघण्याचा गमतीदार प्रसंग त्यानं ऐन वेळी रचला. वहीतली चित्रंही त्याची खरी आहेत. १९७१ मध्ये न्यूयॉर्कला नाटकाचे प्रयोग चालू असताना तो दिवसा रेखाटन शिकायला जायला लागला आणि पुढे ते वेड झालं. कोळशानं, माणसंच माणसं काढायचा.

शेवटची वर्षं वाईट गेली. त्याला स्मृतिभ्रंश झाला. २००९ मध्ये त्याचा ताबा आणि व्यवहार कुणाकडे असावेत हे लॉस एंजेलिसच्या न्यायालयात गेलं आणि ते पत्नीकडे सोपवले गेले. तिथे डॉक्टरांनी सांगितलं की आपण कोलंबो होतो हे त्याला आठवत नाही. त्याच्या मुलीनं पुढे, आजारी आईवडिलांना भेटण्याचा मुलांचा हक्क कायद्यानं मान्य व्हावा म्हणून राज्याराज्यांत प्रयत्न केले. न्यूयॉर्कमध्ये २०१६ मध्ये तसा कायदा झाला आणि तो फॉकच्या नावानं ओळखला जातो. तो गेला २३ जून २०११ ला, बेव्हर्ली हिल्समध्ये, त्र्याऐंशी वर्षांचा होऊन.

ती बातमी मी आत्याला फोनवर सांगितली. ती म्हणाली, “कोट कुणाकडे गेला?” मला उत्तर देता आलं नाही.

गेल्या मे महिन्यात मी तिला ‘विंग्ज ऑफ डिझायर’ लावून दिला. इतकी वर्षं राहूनच गेलं होतं. चित्रपट संथ आहे, अर्ध्यात तिला डुलकी लागली. मी नेमकी त्या जागी तिला हाक मारली. थंडीची वेळ, रस्त्याकडेची खाण्याची टपरी. फॉक कॉफी घ्यायला येतो. शेजारी देवदूत उभा आहे, आपल्याला दिसतोय, फॉकला दिसत नाही. पण तो थबकतो. तू इथे आहेस हे मला कळतंय, म्हणतो. थंडीत हात एकमेकांवर चोळणं काय असतं, गरम कॉफी काय असते, ते त्या न दिसणाऱ्याला सांगतो. मग हवेत हात पुढे करतो आणि तसाच धरून ठेवतो.

तीस वर्षांपूर्वी अंधारात बसून मी हा प्रसंग पाहिला तेव्हा तो श्रद्धेचा वाटला होता. कुणी दिसत नसताना हात पुढे करणं, वगैरे. आत्या चष्मा पुसून नीट सावरून बसली आणि बघत राहिली.

“अंतर कळत नाही ना त्याला,” ती म्हणाली, “म्हणून हात तसाच धरलाय. समोरच्यानं येऊन घ्यावा.”

चहाचा कप देताना ती तेच करते. कप पुढे करते आणि थांबते. आपण तो घ्यायचा असतो.